दोन निळे ड्रम

थोरल्या मुलीच्या लग्नाची बोलणी करायला आम्ही भैंशाला गेलो होतो, तेव्हाची गोष्ट. पोहे झाले, चहा झाला, कापसाच्या भावावर सगळ्यांचं बोलून झालं. व्याह्यांची बैठक ऐसपैस, माणसं मोकळी. पण मला एका जागी बसवत नाही. पाच मिनिटं झाली की पाय हलायला लागतात, पायांना दटावलं की बोटं सुरू होतात. माझ्या खुर्चीशेजारी एक नवंकोरं लोखंडी कपाट उभं होतं. बोटांनी त्याच्यावर दोनदा टकटक केली आणि तोंडानं, मला न विचारताच, सांगून टाकलं, "पत्रा हलका लावला जी. अन् खालच्या कोपऱ्यात आतून गंज धरला."

सगळ्यांच्या माना कपाटाकडे वळल्या. मग समजलं, ते कपाट येणाऱ्या सुनेच्या खोलीसाठी घेतलेलं होतं. व्याही उठले, खालचा कप्पा उघडून वाकून बघितलं. गंज होता. नसता तर बरं झालं असतं, मी खोटा ठरून सुटलो असतो. माझ्या बायकोनं, सुमननं, सगळ्यांदेखत हसत हसत माझ्या पायाच्या अंगठ्यावर आपली टाच ठेवली आणि निघेपर्यंत उचलली नाही.

लग्न झालं, कपाटही बदललं. पण अजून मी त्यांच्या घरात शिरलो की जावईबापू आधी जाऊन फ्रिजसमोर उभे राहतात.

हा खोडसाळपणा नाही, धंद्याची सवय आहे. अठ्ठावीस वर्षं झाली, आदिलाबादच्या वेशीबाहेर माझं जुन्या लोखंडी ड्रमांचं गोडाऊन आहे. पुण्याकडे ज्याला पिंप म्हणतात तो हा दोनशे लिटरचा ड्रम. कारखान्यात त्यातून तेल येतं, रंग येतो, डांबर येतं, आणखी काय काय येतं. माल संपला की रिकामा ड्रम माझ्याकडे येतो. मी तो धुतो, पोचे काढतो, गळतो का बघतो, रंगवतो आणि विकतो. कोणी त्यात ज्वारी ठेवतं, कोणी पाणी, कोणी तो उभा फाडून न्हाणीचं दार करतं.

धुणं म्हणजे काय ते सांगतो. ड्रमात गरम सोड्याचं पाणी आणि वीतभर लांबीच्या लोखंडी साखळ्या टाकायच्या, बूच लावायचं आणि ड्रम आडवा करून अंगणभर लोळवायचा. साखळ्या आतला थर खरवडून काढतात. आवाज असा होतो की शेजारच्या शेतातले बैल कधी आमच्या बाजूला तोंड करून चरले नाहीत. सुरुवातीच्या दिवसांत एकदा गरम पाणी ओतून टाकल्यावर मी लगेच बूच घट्ट लावलं आणि जेवायला बसलो. थंडीचे दिवस. आतली वाफ निवली आणि धडाम् करून ड्रम आपणहून आतल्या आत चेपला. मुक्कामाला आलेले सासरे ताट सोडून बाजेखाली गेले. ते बाहेर येईपर्यंत मी त्यांना हवेचा दाब समजावून सांगत होतो. त्यानंतर ते मुक्कामाला आले नाहीत.

गिऱ्हाइकंही एकेक. तलमडुगुकडचे एक म्हातारे ज्वारीसाठी ड्रम न्यायचे. ड्रमात डोकं घालून ते स्वतःचं नाव घ्यायचे. नाव साफ परत आलं तर ड्रम पसंत, घोगरं आलं तर नापसंत. लोक हसायचे, मी हसलो नाही. कारण मीही तेच करतो, फक्त बोटानं. बुडावर टिचकी मारली की पत्रा किती जाड, कुठं सडला, कुठं बारीक चीर गेली, सगळं मला ऐकू येतं. ड्रम ओळखायचा माझा कान आणि सुमनचं नाक, ह्या दोन अवयवांवर आमचं गोडाऊन चालतं. मी वाजवतो, ती हुंगते. "हा खोबरेल." "हा रंगाचा." "ह्याच्यात काय होतं देव जाणे, लांब ठेवा."

धंद्यात शिकलेल्या दोनच गोष्टी खऱ्या. पहिली, रिकामा ड्रम भरलेल्यापेक्षा धोक्याचा. आत उरलेल्या वाफेला ठिणगी लागली की संपलं. ही गोष्ट माझ्या डाव्या भुवईवर लिहिलेली आहे. दुसरी गोष्ट माझ्या गुरूनं, म्हणजे ज्यांच्याकडून मी गोडाऊन घेतलं त्या चाचांनी, चावी देताना सांगितली होती. कीटकनाशकाचा ड्रम, ज्याच्या लेबलावर लाल त्रिकोण असतो, तो फाटकातून आत यायच्या आधी त्याच्या बुडात सब्बल मारायची. म्हणजे पहारीनं भोक पाडायचं. विष कितीही धुतलं तरी पत्र्याच्या शिवणीत बसून राहतं. आणि आपल्याकडे माणूस असा, की न गळणारा ड्रम दिसला की त्यात पाणी भरतो. "बुड फोड दो, बेटा. फिर कोई नहीं भरेगा." भोक पडलेला ड्रम फक्त पत्रा म्हणून जातो.

सव्वीस वर्षं मी हा नियम पाळला. मग खोब्रागडे सर आले.

सर सरकारी मराठी शाळेत शिकवतात. तलमडुगु मंडलात, म्हणजे तालुक्यात, माझ्या आज्याचं जे गाव, त्याच गावच्या बौद्ध वस्तीत त्यांचं घर, आणि शेजारच्या गावात शाळा. बारीक अंगाचा, घाईनं बोलणारा माणूस. बोलताना एकीकडे चपलेनं जमिनीवर ताल धरणारा. म्हणजे माझ्यासारखाच, एका जागी न बसणारा. आल्या आल्या म्हणाले, "भाऊ, ड्रम पाहिजे. भराले नाई, वाजवाले."

"वाजवाले ढोलकी घ्या ना सर. ड्रम काऊन?"

त्यांनी मोबाइल काढून एक व्हिडिओ लावला. वेस्ट इंडीजचं नाव मला फक्त क्रिकेटपुरतं माहीत. तिकडच्या त्रिनिदाद बेटावर लोक तेलाच्या ड्रमाचं बूड हातोडीनं ठोकत ठोकत खोल करतात, कढईसारखं. मग त्या कढईत एकेक सूर ठोकून बसवतात, जाळावर तापवतात, खालचा घेर कापून टाकतात आणि रबर लावलेल्या काड्यांनी वाजवतात. मी ते ऐकलं आणि उभाच राहिलो. सव्वीस वर्षं मी ड्रमांशी बोलत होतो, पण ड्रम गातो हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पाण्याच्या थेंबांनी गाणं म्हणावं तसा तो आवाज.

"शाळेत पेटी होती, ते उंदरायनं खाल्ली," सर म्हणाले. "लोखंड तं खानार नाईत. एप्रिलात जयंतीच्या मिरवणुकीत पोरं वाजवतीन. फक्त बूड चांगलं पाहिजे. जाड, एकसारखं, कुठं पोचा नाई."

"आणखी एक," निघताना ते म्हणाले, "वस्तीवर यंदा पाणपोई लावून राह्यलो. तिच्यासाठी एक पाण्याचा ड्रम. दोन्ही निळे रंगवा."

पाण्याचा ड्रम सोपा होता. खायच्या पामतेलाचा एक छान ड्रम पडलेला होता. गाण्याच्या ड्रमासाठी मात्र मी गोडाऊनातले सगळे ड्रम वाजवत सुटलो. एकही मनाला येईना. जेवताना ताट वाजवून बघायला लागलो, तेव्हा सुमननं ते पुढ्यातून उचलून नेलं.

चौथ्या दिवशी बंद पडलेल्या एका गुदामातला माल आला. गाडीतून ड्रम उतरवता उतरवता सवयीनं टिचकी मारली आणि हात थांबला. टण्ण. चार आकडे मोजून होईपर्यंत आवाज हवेत होता. असा पत्रा मी आयुष्यात ऐकला नव्हता. मग लेबल बघितलं. लाल त्रिकोण.

सुमन सब्बल घेऊन फाटकाशी उभी होती. ते तिचं नेहमीचं काम. ती सब्बल देते, मी मारतो. "पाडा भोक," ती म्हणाली.

"हा सरांना देतो. वाजवायचाच आहे, त्यात काय स्वयंपाक करायचा आहे?"

तिनं माझ्याकडे बघितलं, लेबल ओलं करून सोलून काढलं आणि टेबलाच्या खणात ठेवलं. सब्बल भिंतीला टेकवली, पण आत नेली नाही.

मी तो ड्रम तीनदा साखळीनं धुतला. वरचं झाकण छिन्नीनं कापून काढलं. सुमननं आत डोकं घातलं आणि लगेच काढलं. "शिवणीत वास हाय अजून. भोक पाडा म्हनते मी."

"बुडाला भोक पाडलं की सूर गेला. मग उरलं काय?"

"मंग पोरायच्या हाती देता काय हे?"

"अगं, सर तो जाळावर तापवणार आहेत. जळून जाईल सगळं." विष जाळलं की त्याचा धूर होतो आणि धूर पोरांच्याच नाकात जातो, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. ज्याला काही हवंच असतं, त्याला ठाऊक असलेलं वेळेवर आठवत नाही, एवढंच.

दोन्ही ड्रमांची तोंडं उघडी झाली, दोन्ही निळे झाले. ताज्या रंगाचा वास असा, की दुसरा वास यायला जागा नाही. सुमन भैंशाला मुलीकडे निघाली होती. पिशवी खांद्याला लावून ती दोन ड्रमांसमोर थांबली. "कोनता कोनता, हे आता तुमालेच ठाव. अजून म्हनते, भोक पाडा. नाई तं खडूनं फुली तरी मारा."

"मला खूण लागत नाही," मी म्हणालो. हे वाक्य मी फार ऐटीत म्हणालो होतो. लिहिताना अजून कानशिलं गरम होतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी माझ्या मालाच्या ऑटोत ड्रम भरायला घेतले. नाक भैंशाला गेलेलं, कान एकटा. एक ड्रम शेडमध्ये होता, दुसरा रंग वाळावा म्हणून मीच सकाळपासून उन्हात ठेवलेला. शेडमधल्यावर टिचकी मारली, बरा वाजला. उन्हातल्यावर मारली, थप्प. खोकल्यासारखा. थप्प तो पाण्याचा, बरा तो गाण्याचा. माझ्या मनात शंकाही आली नाही. शेडमधला पामतेलाचा ड्रम शाळेत उतरवला, उन्हातला वस्तीवर.

पत्रा तापला की फुगतो, ताण सैल पडतो, आणि कितीही सुरेल बूड असलं तरी भर उन्हात ते थप्पच वाजतं. हे मी दहा वर्षं दुसऱ्यांना शिकवत आलो आहे.

आठेक दिवसांनी, रविवारी सकाळी सरांचा फोन आला. ते हसत होते. "भाऊ, कढई झाली ठोकून. आज जाळावर ठेवली, तं भज्याचा वास येऊन राह्यला! पोरं म्हनतात, सर, भूक लागली!"

मीही हसलो. म्हणालो, "येणारच सर, पामतेलाचा ड्रम..."

आणि फोन ह्या कानावरून त्या कानावर घेतला.

पामतेलाचा ड्रम सरांकडे. म्हणजे दुसरा पाणपोईला.

"सर," मी म्हणालो, "पाणपोई सुरू झाली काय?"

"आज उद्घाटन हाय. दहा वाजता."

दहा वाजायलाच आले होते. मी काय बोललो ते मला आठवत नाही. सरांना मात्र शब्द न् शब्द आठवतो. 'विष' हा शब्द ऐकल्यावर त्यांनी फोन ठेवला नाही, टाकला. फोन खाली पडल्याचा, पळणाऱ्या पावलांचा आणि मोटरसायकलला लाथा बसल्याचा आवाज मला ऐकू आला. मग नुसता जाळाचा तडतड आवाज.

सुमन दोन दिवसांपूर्वीच भैंशाहून परतली होती. ती भाकरी थापत होती. तिनं माझं तोंड बघितलं, तवा उतरवला, खण उघडून ते वाळलेलं लेबल पिशवीत टाकलं आणि माझ्या आधी ऑटोत जाऊन बसली. रस्ताभर ती वस्तीवरच्या एकेकाला फोन लावत होती. कोणी उचलत नव्हतं. लाउडस्पीकर लावलेल्या गावात फोन कोणाला ऐकू येतो? मी ऑटो हाणत होतो, आणि एवढ्या घाईतही माझी बोटं हँडलवर टकटक करत होती. सुमननं एकदा हात ठेवून ती थांबवली.

मनात एकच चाललं होतं. ह्या वस्तीत दुसरं काही चुकलं असतं तर चाललं असतं. माप चुकलं असतं, रंग चुकला असता. पण पाणी? माझ्या आज्याची विहीर ह्याच गावात. त्या विहिरीवर ह्या वस्तीतल्या बायांनी रिकाम्या घागरी घेऊन, कोणी वरून पाणी ओततं का ह्याची वाट बघत उन्हात बसायचं, हे मी लहानपणी माझ्या आईकडून ऐकलेलं. आज त्याच आज्याच्या नातवाचा ड्रम त्या वस्तीच्या तोंडी लागणार होता.

आम्ही पोचलो तेव्हा गाणी बंद होती. कडुलिंबाखाली मांडव, रस्त्यावर पाण्याचा मोठा ओहोळ, त्यात झेंडूच्या पाकळ्या आणि बर्फाचे तुकडे. हार घातलेला निळा ड्रम आडवा पडलेला. गर्दीच्या मधोमध खोब्रागडे सर, शर्टाची बाही फाटलेली. सर मोटरसायकल उभीही न करता धावत आले होते आणि त्यांनी विटांवर उभ्या केलेल्या भरल्या ड्रमाला लाथ घातली होती. उद्घाटनाचं पाणी सांडणाऱ्या माणसाला लोक जे म्हणतील ते सगळं त्यांना म्हणून झालं होतं. धाप लागल्यानं त्यांना नीट सांगताही येत नव्हतं.

"मी सांगतो," मी म्हणालो. सगळे माझ्याकडे वळले. आयुष्यात पहिल्यांदा माझे पाय आणि बोटं एकदम स्थिर होती. "हा ड्रम विषाचा आहे. मीच दिला. चूक माझी."

 मग अंगणवाडीच्या कमलबाईंनी विचारलं, "पोरायनं पेलं काय कोनं?" आणि सगळ्यांनी एकदम आपापली पोरं ओढून जवळ घेतली.

पोरांनी प्यालं नव्हतं, आणि त्याचं श्रेय कमलबाईंच्या सासऱ्यांच्या भाषणाला. तुळशीराम आबाजी तहसीलमध्ये चपराशी होते. निवृत्त होऊन जमाना झाला, पण कुठल्याही कामाचा मुआयना, म्हणजे तपासणी, आपण केल्याशिवाय ते सुरू होऊ नये असं त्यांचं मत. हातात पेले घेतलेल्या पोरांची रांग उभी करून आबाजींनी भाषण केलं होतं. त्यांच्या भाषणांना गाव कंटाळतं. त्या दिवशीचं भाषण वीस मिनिटं चाललं, म्हणून सर वेळेवर पोचले.

पण भाषण संपवून अव्वल पेला आबाजींनी स्वतः प्यायला होता. एकच. सगळा.

ते मांडवात खुर्चीवर ताठ बसून होते. "मले काई नाई झालं," म्हणाले, आणि बोलता बोलता बाजूला वळून ओकले.

त्यांना ऑटोत घालून आम्ही मंडलाच्या दवाखान्यात नेलं. पुढे मी, मागे आबाजी, कमलबाई, सुमन आणि सर. डॉक्टरीणबाई तरुण, तेलुगू. आमच्याशी हिंदीत बोलल्या. "कौनसी दवा थी?" मी आठवायला लागलो, तोवर सुमननं पिशवीतून लेबल काढून त्यांच्या हातात दिलं. बाईंनी ते वाचलं, एकदा सुमनकडे बघितलं आणि कामाला लागल्या. सलाइन लावलं, टॉर्चनं बुबुळं बघितली. म्हणाल्या, पाण्यात पातळ झालेलं आहे, एकच पेला आहे, त्यातला बराच बाहेर पडला आहे. पण बुबुळं आकसत गेली, तोंडाला लाळ सुटली, घाम फुटला, तर लगेच आदिलाबादला न्यावं लागेल. दर पंधरा मिनिटांनी बघू.

ती दुपार मी व्हरांड्यात चालून काढली. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत तेहेतीस पावलं. दर पंधरा मिनिटांनी टॉर्च लागायचा आणि मी खिडकीत जाऊन उभा राहायचो. टॉर्च विझला की पुन्हा तेहेतीस पावलं. शेवटी आतून आबाजींचा आवाज आला.

"कोन चालून राह्यला तो? डोकं दुखवलं. आत ये."

मी गेलो. खाटेशी उभा राहिलो.

"किसन पाटलाचा नातू ना तू?"

"हो आबाजी."

ते छताकडे बघत होते. सावकाश म्हणाले, "तुह्या आज्यानं आमाले पानी देलं नाई. अन् तू देलं, तं हे असं देलं."

रागानं म्हणाले असते तर मी हात जोडले असते. त्यांनी तहसीलमधला कागद वाचून दाखवावा तसं म्हटलं. कमलबाई खिडकीबाहेर बघायला लागल्या. सरांचा पाय थांबला. 

मग आबाजींनीच विचारलं, "मुद्दाम केलं काय?"

"नाही आबाजी."

"मंग कसं झालं?"

मी सगळं सांगितलं. लाल त्रिकोण, चार आकडे टिकणारा आवाज, न पाडलेलं भोक, न मारलेली फुली, ऊन. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "एवढा चांगला वाजते?"

"वाजतो," मी म्हणालो.

"हूं," म्हणून त्यांनी कूस बदलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना घरी सोडलं. मी ड्रम न्यायला गेलो, तर आबाजींनी दिला नाही. तो मुद्देमाल आहे, म्हणाले. स्वतः त्याच्या तोंडावर पोतं बांधून, सुतळीच्या गाठीवर लाखेची मोहर लावून, तो आपल्या अंगणात उलटा ठेवला. वस्तीतल्या काही जणांना पोलिसांत जायचं होतं. माझ्या मते ते चुकत नव्हते. पण आबाजींनी आपला वेगळाच हुकूम काढला.

जयंतीच्या दिवशी मी नवा ड्रम घेऊन वस्तीवर यायचं. सगळ्यांसमोर तो भरायचा, अव्वल पेला मी प्यायचा. मग खुर्चीवर एक तास बसायचं.

"एक तास?" मी घरी आल्यावर सुमनला म्हणालो. "पाणी पिईन ग मी. पण तासभर बसू कसा?"

जयंतीला आम्ही दोघं गेलो. ह्या वेळी खोबरेलाचा ड्रम, सुमननं दोन दिवस सलग हुंगलेला. वस्तीच्या नळावरून भरला. मी पेला प्यायलो. सुमनला कोणी सांगितलं नव्हतं, तिनंही पुढे होऊन एक पेला भरून घेतला आणि प्यायली. मग मी खुर्चीवर बसलो. समोर आबाजी, हातात घड्याळ. भोवती सगळी वस्ती, माझी बुबुळं बघत. पोरं जवळ येऊन तोंडात वाकून बघायची, "लाळ नाई अजून" असं ओरडून सांगायची. पायांना काय झालं ते मला माहीत नाही, पण ते हलले नाहीत.

त्या तासाभरात सरांच्या पोरांनी वाजवलं. भज्यांच्या ड्रमाची कढई. पामतेलाचा पत्रा तो, बेताचाच. सात सुरांतले पाच लागले होते, सहावा लागल्यासारखा होता आणि सातव्याच्या जागी पोरं काडी न मारता नुसती मान हलवत होती. जयंतीच्या गाण्याची चाल ओळखू येत होती. कमलबाई डोळे पुसत टाळ्या वाजवत होत्या. मला मात्र, खरं सांगतो, प्रत्येक ठोक्याला तो दुसरा आवाज ऐकू येत होता.

तास झाला. आबाजींनी घड्याळ खिशात घातलं, उठले, ड्रमातून पेला भरून घेतला आणि उभ्यानंच प्यायले. मग पोरांची रांग लागली. ह्या वेळी भाषण झालं नाही.

"आता तो मुद्देमाल," आबाजी म्हणाले. "इथंच पाड भोक. लोकायसमोर."

सब्बल सुमननं आणलेलीच होती. ड्रम लिंबाच्या सावलीत, उलटा, बूड वर. मी सब्बल उचलली, आणि डाव्या हाताचं बोट आपणहून पुढे झालं. टण्ण. एक, दोन, तीन, चार. सावलीत गार पडलेला पत्रा.  सरांनी डोळे मिटले. आबाजींनी मान किंचित वाकडी करून ऐकलं, आवाज पुरता संपू दिला, आणि मग म्हणाले, "मार."

मी मारली. दुसऱ्यांदा बोट लावून बघायचं धाडस झालं नाही.

आता पाण्यासाठी ड्रम न्यायला कोणीही आलं की मी त्याच्यासमोर भरतो आणि पहिला पेला मी पितो. लोक हसतात. एकानं विचारलं, ही काय तुमच्या देवाची पद्धत आहे का? म्हटलं, नाही, आबाजींची आहे.

जयंतीच्या दिवशी परतताना मागे भोक पडलेला ड्रम गडगडत होता. अर्धा रस्ता मी तेच ऐकत होतो. मग राहवलं नाही. म्हणालो, "सुमन, एवढ्या वर्षांचा कान माझा. त्या दिवशी फसला कसा?"

ती रस्त्याकडे बघत होती. म्हणाली, "कान तं तुमचा चांगलाच हाय. भोक पाडा म्हून मी तीनदा म्हनलं, तेवढंच ऐकू नाई आलं."